हळदीचे हात

१

मारोतराव बोढे सर प्रयोगशाळेच्या दोन ओट्यांच्या मधोमध उताणे पडले होते आणि त्यांच्या चेहऱ्याचा उजवा भाग ओळखू येण्यासारखा उरला नव्हता.

ममता ताकसांडे दारातच थांबली. वणीहून सकाळच्या एसटीनं, कोळशाच्या ट्रकांची धूळ खात, ती पिंपरधऱ्याला आली होती ती बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी. ती वणीच्या कॉलेजात शिकवायची आणि या केंद्रावर बाहेरची परीक्षक म्हणून तिची नेमणूक होती. बोढे सर इथले परीक्षक. दोघांनी मिळून साडेदहाला पहिली तुकडी बसवायची होती. आता पावणेदहा वाजले होते, आवारात पोलिसांची जीप उभी होती आणि सरांच्या डोक्यामागं रक्ताचं थारोळं फरशीच्या उतारानं मोरीपर्यंत गेलं होतं.

"या मॅडम," प्राचार्य रामराव ठावरी हलक्या आवाजात म्हणाले. पांढरा सफारी, सोनेरी काड्यांचा चष्मा, पन्नाशीचा भारदस्त माणूस. "आमचं दुर्दैव पाहा. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, मे महिन्यात रिटायर होणार होते."

ओट्यावर फुटलेला बीकर होता. सल्फ्युरिक अ‍ॅसिडची बाटली उघडी. पाण्याचा जग आडवा. ठावरींनी बोट वर केलं. भिंतीवर लाल रंगात, वीतभर अक्षरांत लिहिलं होतं : अ‍ॅसिड पाण्यात ओता. अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीही ओतू नका.

"पोरांना जन्मभर हे शिकवलं आणि आज घाईत स्वतःच चुकले. अ‍ॅसिड उसळलं, डोळ्यांत गेलं, धडपडले, ओट्याचा कोपरा लागला."

ठाणेदार शंकरसिंग बैस कमरेवर हात ठेवून उभे होते. जाड, घामेजलेला, पण डोळे जागे असलेला माणूस. "मॅडम, तुमी त्यातल्या जाणकार. होते का असं?"

"होतं," ममता म्हणाली. "पाणी पडताच ते उकळतं आणि अंगावर येतं."

ती खाली बसली. अठरा वर्षं ती परीक्षेला पोरांचे हात बघत आली होती. तोंडानं थापा मारता येतात, हातानं येत नाहीत, असं ती म्हणायची. आता सरांच्या हातांपासून तिनं सुरुवात केली. बोटांना हळद लागलेली होती, पण हातांवर भाजल्याची एकही खूण नव्हती. मग ती चेहऱ्याकडं वळली. 

"सरांची मिशी पिकलेली होती ना?"

"पांढरीशुभ्र," मागून कोणीतरी म्हणालं. तो कपिल निब्रड, रसायनशास्त्राचा तरुण शिक्षक. प्रेत त्यानंच साडेनऊला पाहिलं होतं. 

"मग पिवळी काहून आहे?"

ठाण्याचा शिपाई अमर पुढं झाला. "हळद असंल मॅडम. लॅबवाला रामधन आहे ना, त्याच्या पोरीची हळद होती काल तांड्यावर. अख्खं गाव पिवळं झालं." त्यानं आपले हात दाखवले. पंजे पिवळेधमक होते.

ममतानं सरांच्या कॉलरकडं पाहिलं. कॉलरला जळून भोकं पडली होती, पण हळदीचा एक डागही नव्हता. गालावरून गळ्याकडं ओघळ उतरले होते आणि प्रत्येक ओघळाच्या कडेनं कातडी पिवळी पडली होती.

"हळद आधी कपडा धरते, साहेब. ज्याच्या मिशीला लागली त्याच्या कॉलरला लागल्याशिवाय राहत नाही." ती उठली. "सल्फ्युरिक कातडी काळी करतं, कोळशासारखी. कातडी आणि केस असे पिवळे एकच अ‍ॅसिड करतं. नायट्रिक."

ओट्यावर नायट्रिक नव्हतं. ती भिंतीकडच्या फळीपाशी गेली. तपकिरी काचेच्या बाटल्या ओळीनं होत्या, प्रत्येकीवर बोटभर धूळ. एकच स्वच्छ होती, ओली होती आणि रिकामी होती. लेबल नायट्रिकचं.

तेवढ्यात अमरनं मोरीखालून लोखंडी स्टँड ओढून काढला. परीक्षानळ्या अडकवायचा तो स्टँड. त्याच्या जड पायाचा एक कोपरा रक्तानं माखलेला होता आणि त्याला दोन-तीन पांढरे केस चिकटले होते.

"कोणीतरी आधी तोंडावर अ‍ॅसिड फेकलं," ममताचा आवाज तिच्याही नकळत चढला. "मग यानं डोकं फोडलं. बाटली धुऊन जागेवर ठेवली आणि हा देखावा मांडला. ठाणेदारसाहेब, हा अपघात नाही. हा खून आहे."

खिडक्यांच्या गजांना माणसं लटकलेली होती. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो शब्द आवाराबाहेर पोचला.

२

बैससाहेबांनी प्राचार्यांच्या खोलीतच बैठक मांडली. "मॅडम, तुमी बसा बाजूले. अ‍ॅसिडचं काई बोलले तर मले कळणार नाही."

ठावरींनी चहा मागवला. बोलणं शांत, शब्द नेमके.

"मी भाषेचा माणूस. पंचवीस वर्षं मराठी शिकवली. त्या खोलीत वर्षभरात पाऊल टाकलं नव्हतं, आज प्रेत पाहायला गेलो तेवढंच. साडेआठपासून इथंच होतो. परीक्षेचे कागद लावत होतो."

कप उचलताना त्यांचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं ममताला दिसली. पिवळी होती. तिची नजर त्यांनी पकडली आणि कसनुसं हसले.

"रामधनची हळद. सकाळपासून तीन वेळा साबण लावला, जशीच्या तशी पिवळी. बिचाऱ्याच्या पोरीचं आज लग्न आणि आज हे."

"रामधन सकाळी आला होता?" बैससाहेबांनी विचारलं.

"सातला आला. परीक्षेचं सामान मांडून गेला म्हणे, साडेआठच्या सुमारास. मी पाहिलं नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "मला कोणाचं नाव घ्यायचं नाही, साहेब. पण तुम्ही कपिलला विचारा. मागच्या आठवड्यात काय झालं ते."

कपिल सत्तावीस वर्षांचा, कंत्राटी नोकरीवरचा. खुर्चीच्या कडेवर बसला. त्याच्याही बोटांना पिवळेपणा होता.

"मी मुकुटबनहून गाडीनं आलो. साडेनऊला दार लोटलं तर सर..." त्यानं तोंडावर हात घेतला.

"मागच्या आठवड्यात काय झालतं?"

"सरांचं अन् रामधनचं भांडण. बाटलीचं बूच उघडं राह्यलं म्हणून सर पोरांसमोर लय बोलले त्याले. तो म्हणे..." कपिलनं खिडकीकडं पाहिलं. बाहेर डोकीच डोकी होती. त्यानं आवाज उतरवला, पण तेवढा पुरेसा नव्हता. "तो म्हणे, याच अ‍ॅसिडनं एक दिवस आंघोळ घालीन तुमाले."

खिडकीबाहेरची डोकी मागं वळली. मग पळणाऱ्या पावलांचा आवाज आला.

ममता कपिलला विचारायला पुढं झुकली. तिला या माणसात काहीतरी दडलेलं दिसत होतं. प्रश्नाला उत्तर देताना त्याची नजर दर वेळी आधी दाराकडं जायची, जिथं ठावरी उभे होते. पण विचारायला वेळ मिळाला नाही. अमर धापा टाकत आत आला.

"साहेब, चला! लोकं तांड्यावर गेले. मांडवातून ओढलं रामधनले. मारून टाकतीन!"

३

तांडा शाळेपासून दीड किलोमीटर. जीप पोचली तेव्हा मांडव अर्धा आडवा झाला होता. त्याचेच बांबू उपसून लोक हाणत होते. मधल्या ढिगाऱ्यात माणूस आहे हे फक्त आवाजावरून कळत होतं. प्रत्येक घावाला ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा धप्प आवाज येत होता.

नवरी हळदीच्या लुगड्यात दाराशी पडली होती. तिला दोन बायकांनी दाबून धरलं होतं, नाहीतर तीही त्या गर्दीत घुसली असती. तिचं ओरडणं आता ओरडणं राहिलं नव्हतं. घशातून नुसता वारा निघत होता.

बैससाहेब जीप थांबायच्या आत उतरले. त्यांची काठी पहिल्याच्या मनगटावर बसली, दुसऱ्याच्या गुडघ्यावर. "हटा बे! हटा!" अमरनं एकाला मानगूट धरून मागं फेकलं. त्या माणसाच्या हातातला पेट्रोलचा डबा लवंडला आणि वास सगळीकडं पसरला.  हे लोक रामधनला पेटवायला निघाले होते.

ती कशी घुसली तिलाच कळलं नाही. रामधनच्या अंगावर ती आडवी पडली. एक बांबू तिच्या पाठीवर बसला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली.

"मी म्हटलं खून झाला!" ती किंचाळली. "यानं केला असं मी म्हटलं होतं का? म्हटलं होतं का?"

मारणारे थांबले ते तिच्या बोलण्यानं नाही, बैससाहेबांच्या हातात पिस्तूल दिसलं म्हणून.

रामधन राठोड पंचेचाळिशीचा, किडकिडीत माणूस. उजवा हात कोपरापासून उलटा वळला होता. एक कान फाटून लोंबत होता. जीपमध्ये ममतानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओढणी कानावर दाबून धरली. ओढणी गरम आणि जड होत गेली.

"मॅडम," तो रक्त थुंकून म्हणाला, "सर खरंच गेले का जी?"

"हो."

तो रडायला लागला. त्या मारात रडला नव्हता तो माणूस सरांसाठी हुंदके देऊन रडायला लागला. "बोललो मी तसं. रागात बोललो. बावीस वर्षं भांडत आलो आमी. सर मले शिव्या देत, मी सरांले. अन् दुपारी एकाच डब्यातलं जेवत. काल पोरीले हळद लावाले सर सगळ्यात आधी आले."

"अजून कोण कोण आलं होतं?"

"सगळे आले. कपिल सर आले, ऑफिसातला बाबू आला, ठाण्यातले अमरभाऊ आले. एक ठावरी साहेबच नाही आले. निरोप धाडला, डोकं दुखून राह्यलं म्हणे. मी रातभर वाट पाह्यली."

ममताचा ओढणीवरचा हात थांबला. पुढच्या सीटवरून बैससाहेबांनी मान वळवली. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"कायले मारलं असंल सरांले?" बैससाहेबांनी विचारलं.

रामधननं डोळे मिटले. "सलोनीले विचारा. आंब्याखाली बसली असंल. तिची परीक्षा होती आज."

४

रामधनला वणीच्या दवाखान्यात न्यायला गाडी यायला अर्धा तास होता. तोवर त्याला शाळेच्या व्हरांड्यात चटईवर निजवलं. तांड्यावर चालून गेलेली गर्दी पुन्हा शाळेच्या फाटकाशी जमली होती. तिचा राग अजून उतरला नव्हता.

आंब्याखाली सतरा वर्षांची एक मुलगी सकाळपासून बसलेली होती. हातात परीक्षेचं ओळखपत्र. सलोनी आत्राम, कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, पोडावरची. तिची डावी पापणी कायमची मिटून शिवलेली होती. इतका वेळ तिला कोणीच काही विचारलं नव्हतं.

"डिसेंबरात झालं," ती ममताला म्हणाली. आवाजात कंप नव्हता. "कपिल सरांचा तास होता. शेजारच्या पोरीच्या नळीत कॉस्टिक सोडा तापत होता. नळीचं तोंड माह्याकडं होतं. ते एकदम उसळलं अन् डोळ्यात गेलं."

"डोळा धुतला होता लगेच?"

"रामधनमामानं बादली आणली होती. पण मोठे सर आले, ठावरी सर. म्हणे तमाशा नको, हिले आत घ्या. ऑफिसात नेलं अन् कडी लावली. मी ओरडत होती, सर पाणी द्या, पाणी द्या. मामा दार बडवत होता. दोन तास, मॅडम. बाबा वावरातून आले, त्याइचा अंगठा घेतला कागदावर, तवा गाडी बोलावली. कागदावर लिहिलं होतं का पोरगी खेळत होती, तिची चूक."

 कॉस्टिक सोडा डोळ्यात गेला की तो थांबत नाही, आत आत खात जातो. त्यावर एकच उपाय, नळाखाली डोळा धरायचा आणि धुत राहायचं. हे शाळेच्या पहिल्या तासाला शिकवायचं असतं. पाणी दहा पावलांवर होतं.

"बोढे सर त्या दिवशी कुठं होते?"

"यवतमाळले, ट्रेनिंगले. मंग त्याइनं सगळं लिहून काढलं. मले विचारून, मामाले विचारून, डॉक्टरले विचारून. निळी फाईल होती पिशवीत. म्हणे, आज बाहेरच्या मॅडम येतीन, त्याइच्या हातात देऊ, मंग ठाण्यात जाऊ. काल मोठ्या सराइले तोंडावर सांगून आले."

सरांची पिशवी प्रयोगशाळेतच खुर्चीला टांगलेली होती. तीत डबा होता, चष्म्याचं घर होतं, फाईल नव्हती.

ममता कपिलसमोर जाऊन उभी राहिली. "तुम्हीपण सही केली होती त्या कागदावर?"

कपिल भिंतीला टेकून खाली बसत गेला. "केली. नोकरी जाईल म्हणे. बोढे सरांनी मले आठ दिवसांची मुदत दिली होती, खरं सांग म्हणून. मॅडम, मी नाही मारलं त्याइले. खोटी सही केली, पण हे नाही केलं."

बैससाहेबांनी ममताला बाजूला घेतलं. "कारण दोघांजवळ आहे. ठावरी हळदीले न जाता गेलो म्हणे, हे खोटं. पण खोटं बोलला म्हणून खुनी, असं कोर्ट मानत नाही. अन् ते बाहेरचे लोक रामधनचं नाव घेऊन राह्यले. काय करू सांगा."

"साहेब, खुन्यानं काय चूक केली पाहा," ममता म्हणाली. "त्यानं नायट्रिक फेकलं आणि देखावा सल्फ्युरिकचा मांडला. नायट्रिकनं कातडी पिवळी होते हे त्याला माहीतच नव्हतं. रामधनला विचारा, बावीस वर्षांत किती वेळा त्याची बोटं पिवळी झाली असतील. कपिल एमएस्सी आहे, त्यालाही पक्कं ठाऊक. दोघांतल्या कोणी केलं असतं तर पिवळा चेहरा सल्फ्युरिकशेजारी ठेवलाच नसता. रसायनशास्त्रातलं एकच वाक्य माहीत असलेल्या माणसाचं हे काम आहे. आणि ते वाक्य भिंतीवर लिहिलेलं आहे."

"हे तुमाले पटलं, मले पटलं. त्या गर्दीले कसं पटवाचं?"

ममतानं स्वयंपाकघराकडं पाहिलं, जिथं लहान पोरांची खिचडी शिजायची.

"मला धुण्याचा सोडा द्या थोडा. आणि लॅबमधलं अमोनिया. आज परीक्षा घ्यायला आले होते, घेऊनच जाते."

५

व्हरांड्यात टेबल मांडलं. एका घमेल्यात सोड्याचं पाणी, शेजारी अमोनियाची छोटी बाटली आणि ड्रॉपर. फाटकातून गर्दीला आत घेतलं आणि बैससाहेबांनी सगळ्यांना पायऱ्यांखाली उभं केलं.

"अमरभाऊ, हात बुडवा," ममता म्हणाली.

अमरनं पिवळे पंजे पाण्यात घातले आणि दचकून बाहेर काढले. हात लालभडक झाले होते, जणू कुंकवात घातले. गर्दीतून आवाज उठला.

"हळदीला सोडा लागला की ती लाल होते. साबणानंही होते. तुमच्या बायकांना विचारा, हळदीचं लुगडं धुताना काय होतं ते."

कपिल पुढं आला. हात बुडवले, लाल झाले. त्यानं ते डोळ्यांसमोर धरले आणि त्याला रडू फुटलं.

रामधनला उठता येत नव्हतं. ममतानं घमेलं त्याच्याकडं नेलं आणि त्याचा धड असलेला डावा हात स्वतः पाण्यात धरला. पाणी आधीच त्याच्या रक्तानं गढूळ झालं, मग बोटं लाल झाली. तांड्यावर ज्यानं पेट्रोलचा डबा आणला होता तो माणूस पहिल्या ओळीत उभा होता. त्यानं मान खाली घातली.

"ठावरी सर, तुम्ही."

"हा काय पोरखेळ आहे?" ठावरी चढ्या आवाजात म्हणाले. "मी या संस्थेचा प्राचार्य आहे. गावासमोर घमेल्यात हात घालू?"

"घाला," बैससाहेब म्हणाले.

ठावरींनी हात घातला. बाहेर काढला. अंगठा आणि दोन बोटं पिवळीच राहिली.

"सकाळी तुम्हीच सांगितलंत," ममता म्हणाली, "तीन वेळा साबण लावला, जशीच्या तशी पिवळी. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. हळद असती तर पहिल्याच साबणाला लाल झाली असती." तिनं ड्रॉपर उचलला आणि त्यांच्या बोटावर अमोनियाचा एक थेंब सोडला. डाग डोळ्यांदेखत गडद नारिंगी झाला. "हे नायट्रिक आहे. आता ती कातडी झडेपर्यंत जायचं नाही. तुम्ही हळदीला गेला नव्हता. लॅबमध्ये वर्षभर पाऊल टाकलं नव्हतं म्हणता. मग हे लागलं कुठं?"

ठावरींनी बोटांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला. रोजचा सभ्यपणा एका झटक्यात गळून पडला.

त्यांनी टेबल उलथवलं. घमेलं गडगडत गेलं, बाटली फुटली, अमोनियाच्या वासानं पुढचे लोक खोकत मागं हटले. त्यांनी फुटकी काच उचलली, पण ते ममतावर झेपावले नाहीत. ते पायऱ्या उतरून सलोनीकडं धावले.

"तुझ्यापायी! एका कोलामाच्या पोरीपायी!"

सलोनी हलली नाही. काच तिच्या गळ्यापर्यंत पोचायच्या आत कपिल मधे आला. त्याच्या तळहातातून काच आरपार गेली आणि तरी त्यानं मूठ सोडली नाही. बैससाहेबांची काठी ठावरींच्या मनगटावर पडली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा फटका मानेवर बसला आणि ते धुळीत तोंडघशी पडले.

गर्दी पुढं सरकली. त्याच नजरेनं, जी सकाळी तांड्यावर होती. कोणीतरी दगड उचलला.

"खबरदार!" ममता ओरडली. "एकदा चुकले तुम्ही. आता परत कोणाला हात लावायचा नाही. याला कोर्टात जाऊ द्या."

दगड उचलणारा थांबला. थोड्या वेळानं तो दगड त्यानं हळूच खाली ठेवला.

ठावरी धुळीतूनच बोलत राहिले. कोणी विचारलं नव्हतं. सकाळी पावणेनऊला ते फाईल मागायला गेले होते. बोढे म्हणाले, दोन तास दार बंद ठेवलंत, आता दोन तासांत ते उघडणार आहे. हाताशी आली त्या बाटलीचं बूच काढून त्यांनी अ‍ॅसिड सरांच्या तोंडावर फेकलं. सर आंधळे झाले, ओरडायला लागले, नळ शोधत चाचपडू लागले. "ओरडणं थांबवायचं होतं मला," ठावरी म्हणाले. "फक्त ओरडणं थांबवायचं होतं." म्हणून स्टँड उचलला. तीनदा मारला. फाईल खिचडीच्या चुलीत घातली. मग भिंतीवरचं वाक्य वाचलं आणि तसं सगळं मांडलं.

सलोनीनं सगळं ऐकलं. मग ती मागं फिरली आणि आंब्याखाली पडलेलं आपलं ओळखपत्र उचलून झटकू लागली.

६

परीक्षा नवव्या दिवशी झाली. बाहेरची परीक्षक म्हणून ममताच आली. सलोनीनं तिन्ही प्रयोग बिनचूक केले आणि ममतानं तिला जे मिळायचे तेवढेच गुण दिले, एकही जास्त नाही. बोढे सरांनीही तसंच केलं असतं, असं तिला वाटलं.

तिथून ती तांड्यावर गेली. लग्न चार दिवस पुढं ढकलून झालं होतं. लेक सासरी गेली होती. रामधन दारात बाजेवर बसला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, कानाला टाके. डॉक्टर म्हणाले होते, कोपर पुन्हा पूर्वीसारखं वळणार नाही.

ती समोरच्या स्टुलावर बसली. 

"रामधनभाऊ, माझं चुकलं," ती म्हणाली. "खिडकीत गर्दी होती. मी दार लावून बोलायला हवं होतं."

रामधननं मोडक्या मांडवाच्या खड्ड्यांकडं पाहिलं.

"चुकलं, मॅडम," तो म्हणाला. "तुमी नसत्या त सरांचा खून अपघातच राह्यला असता, हेबी खरं. पण माहा हात तुमच्या एका शब्दानं मोडला, हेबी खरं. दोन्ही खरं आहे. आता मी काय करू सांगा."

 तिनं मान हलवली.

घरातून त्याची बायको बाहेर आली, ताट घेऊन. भाकरी, तुरीचं वरण, ठेचा. तिनं ते ममतासमोर ठेवलं आणि ती आत गेली.

"जेवा," रामधन म्हणाला. "पाच वाजता शेवटची गाडी आहे वणीची. उपाशी नाही जाऊ देत आमी."

ममतानं ताट मांडीवर ओढलं. भाकरीचा पहिला तुकडा मोडताना तिचे हात कापत होते. रामधन ते पाहत होता आणि तिनं ते लपवले नाहीत.